नाही म्हणायला न शिकलेला डेटाबेस

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं काम आमच्याकडे आलं तेव्हा व्यवस्थापकांची अट एकच होती. जुना डेटा जसाच्या तसा नव्यात आला पाहिजे आणि पहिल्या दिवशी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची गोळाबेरीज, जुळली पाहिजे. अट रास्त होती. नवे स्क्रीन, नवे रिपोर्ट, मोबाईलवरचे संदेश यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. कौतुक आम्हालाच होतं.

जुनी व्यवस्था पीएचपी या भाषेत लिहिलेली, खाली मायएसक्यूएल ५.१ हा डेटाबेस. लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले होते. नवी व्यवस्था पायथन ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवर. कागदावर हे काम म्हणजे इकडची टेबलं तिकडे न्यायची, एवढंच दिसतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळ जुना डेटाबेस नेमका काय गिळून बसलाय ते शोधण्यात गेला. त्या काळातलं मायएसक्यूएल फार भिडस्त होतं. चुकीची तारीख द्या, घेतो. रकान्यात न मावणारं नाव द्या, कापून घेतो. मागे एक इशारा सोडतो खरा, पण तो वाचायला कुणी बसलेलं नसतं. ५.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, ते मुळातच कडक धरलं जाऊ लागलं. आमची पतसंस्था त्याच्या बरीच आधीची.

सुरुवात नावांपासून झाली. जुन्या वेबपानावर सभासदांची नावं मराठीत अगदी व्यवस्थित दिसायची. तेच टेबल दुसऱ्या साधनातून उघडलं की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग तिसरं काहीतरी. ज्यांनी मराठी डेटा हाताळलाय त्यांना हा नमुना लांबूनही ओळखता येतो. यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि त्या तीन बाइट कुणीतरी तीन स्वतंत्र लॅटिन अक्षरं समजून वाचतंय, असा त्याचा अर्थ.

टेबल लॅटिन-१ मध्ये, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट देणाऱ्या युरोपीय लिपीच्या तक्त्यात होतं, कारण ८.० येईपर्यंत मायएसक्यूएलचं मूळ सेटिंग तेच होतं. क्रम लावायचे नियमही स्वीडिश, कारण कंपनी मूळची स्वीडनची. सातारच्या सभासदांची यादी इतकी वर्षं स्वीडिश क्रमाने लागत होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पान यूटीएफ-८, प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातली जोडणी लॅटिन-१, टेबल लॅटिन-१. बाइट जशा गेल्या तशाच परत आल्या, म्हणून वरून सगळं आलबेल. इथे ‘टेबलाचा कॅरॅक्टर सेट (अक्षरांचा तक्ता) बदल’ अशी सरळ आज्ञा दिली तर डेटाबेस प्रामाणिकपणे त्या परक्या चिन्हांचंच रूपांतर करतो आणि घोटाळा पक्का होतो. त्यामुळे रकाना आधी बायनरी करायचा, म्हणजे अक्षरांची ओळख पुसली जाते, आणि मग त्याला यूटीएफ-८ म्हणून जाहीर करायचं. बाइटला हात लागत नाही.

सभासदांचं टेबल असं सुटलं. पत्त्यांचं टेबल मात्र वेगळ्याच रोगाने आजारी होतं. ते नंतर कुणीतरी यूटीएफ-८ मध्ये बनवलेलं, पण जोडणी जुनी लॅटिन-१ चीच. म्हणजे इथे बिघडलेली चिन्हं खरोखरच तशी साठवलेली होती, दुहेरी सांकेतिकरण होऊन, म्हणजे यूटीएफ-८ च्या बाइट लॅटिन समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बदलल्या जाऊन. माझ्या सहकाऱ्याला वाटलं, पायथनमध्ये एका ओळीचं काम आहे. मजकूर परत लॅटिनच्या बाइटांत न्यायचा आणि यूटीएफ-८ म्हणून वाचायचा. ‘गल्ली’ या शब्दावर ती ओळ आपटली.

हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं तो प्रत्यक्षात विंडोजचा १२५२ हा तक्ता आहे. ‘गल्ली’तल्या दीर्घ ईकाराची शेवटची बाइट, सोळाच्या पायावर लिहिली तर, आठ-शून्य. १२५२ मध्ये तिथे युरोचं चिन्ह आहे. खऱ्या लॅटिन-१ मध्ये युरो नाहीच, म्हणून पायथनचं लॅटिन-१ तिथे अडतं. बरं, १२५२ वापरावं तर हलन्ताची शेवटची बाइट आठ-डी. १२५२ च्या तक्त्यात ते घर रिकामं आहे, म्हणून पायथनचं १२५२ तिथे अडतं. मायएसक्यूएल मात्र रिकाम्या घरांनाही आपलं एकेक नियंत्रण चिन्ह देऊन मोकळं होतं. म्हणजे एकाच शब्दात ई एका तक्त्याला चालत नाही आणि पाय मोडलेला ल दुसऱ्याला. ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचीही गत हलन्तासारखीच, त्यांचीही घरं १२५२ मध्ये रिकामी. जोडाक्षर आणि ऱ्हस्व उकार टाळून मराठी पत्ता लिहून दाखवा!

अक्षरागणिक तक्ता बदलणारं फंक्शन लिहून तेही निभावलं असतं. पण तेवढ्यात दिसलं की काही पत्ते शेवटी तुटतायत, आणि ते सगळे पेठांतले. शनिवार पेठ, सोमवार पेठ, मंगळवार पेठ. मधे कुठे पेठ असेल तर ठीक, पत्त्याच्या अगदी शेवटी असेल तर ठ गायब आणि पोस्टग्रेसची तक्रार की बाइट अपुऱ्या आहेत. ठ ची तिसरी बाइट ए-शून्य. लॅटिनमध्ये ती न तुटणारी मोकळी जागा. आयातीच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रकान्याच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटायची ओळ होती, ती सगळ्यांच्याच स्क्रिप्टमध्ये असते. पायथन ए-शून्यला मोकळी जागाच मानतो, त्यामुळे ठ चा शेवटचा तुकडा जागा समजून छाटला जात होता. पत्त्याच्या मधला ठ मात्र शाबूत.

हे कळल्यावर पायथनचा नाद सोडला. मायएसक्यूएलच्या आतच रकाना लॅटिन-१ मध्ये उलटा फिरवायचा, बायनरी करायचा, यूटीएफ-८ म्हणून वाचायचा. ज्याने घोळ घातला त्याच्याच तक्त्याने तो उलगडतो, कारण रिकाम्या घरांचा हिशेब त्यालाच ठाऊक. अशा दुरुस्त्या डेटा मूळ सर्व्हरवरून हलवण्याआधीच कराव्यात, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

काही ओळींत मात्र नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. कधीतरी जोडलेल्या एसएमएसच्या भागाने योग्य, यूटीएफ-८ जोडणीवरून नावं लिहिली होती. लॅटिन-१ रकान्यात देवनागरी बसत नाही, तेव्हा डेटाबेसने प्रत्येक अक्षराऐवजी एक प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. तिथे उलगडायला काही उरत नाही. ती नावं अर्जांच्या फायलींतून परत टंकावी लागली.

मग कापलेली नावं. रकाना पन्नास अक्षरांचा, पण लॅटिन-१ मध्ये अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून देवनागरीची जेमतेम सोळा चिन्हं. चिन्हं म्हणजे आपण मोजतो ती अक्षरं नव्हेत. ‘ज्ञानेश्वर’मध्येच दहा चिन्हं आहेत, हलन्त आणि काने-मात्रे धरून. त्याच्या तीस बाइट, मधल्या जागेची एक, उरल्या एकोणीस. ‘पांडुरंग’ लिहायला घेतलं की ‘पांडुर’पर्यंत अठरा जातात आणि शेवटच्या एका बाइटमध्ये अनुस्वाराचा पहिला तुकडा अडकून बसतो. आडनावापर्यंत गाडी पोचतच नाही. पानावर शेवटी एक काळा चौकोन दिसायचा, तो सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. पोस्टग्रेसने अशी प्रत्येक ओळ नाकारली, आणि त्यामुळेच कुणाकुणाची नावं अर्धी आहेत याची यादी पहिल्यांदा संस्थेच्या हातात आली. रोखपाल बाई म्हणाल्या, “आम्हाला वाटायचं नाव लांब असलं की कॉम्प्युटर असंच करतो.”

गावांच्या नावांत आणखी एक मासला निघाला. त्यांच्या यादीत कऱ्हाड आणि कर्‍हाड ही दोन वेगळी गावं होती. डोळ्याला फरक दिसत नाही. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की टंकायची पद्धत बदलते, आणि डेटाबेस बाइट पाहतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक. त्याचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची रूपं एक करणारी प्रक्रिया, चालवली की र आणि खाली टिंब असं टंकलेलं रूप ऱ मध्ये विलीन होतं, पण जोडचिन्हवालं होत नाही. त्यासाठी आपला नियम आपणच लिहायचा. ‘ॲ’चंही तेच, त्याला २००८ साली स्वतंत्र स्थान मिळालं, पण जुनं ‘अ’ आणि वर चंद्र हे रूप युनिकोडच्या लेखी वेगळंच राहिलं. वर ‘कराड’ असं लिहिणारेही होतेच. ते मात्र आम्ही जोडून टाकलं नाही. गावांच्या नावात हात घालायचा अधिकार प्रोग्रामरला नाही, तो निर्णय संस्थेने घ्यावा.

पैशाकडे येतो. शिल्लक ठेवायचा रकाना ‘फ्लोट’, म्हणजे संख्या जवळपास साठवणारा, होता, दहा अंक, त्यांतले दोन दशांश. इथे मला खरोखर राग आला. त्यात १२,३४,५६७ रुपये ८९ पैसे लिहा आणि परत वाचा, ८८ पैसे येतात. एकेरी अचूकतेच्या फ्लोटकडे अंकांसाठी चोवीस बिट (शून्य-एकच्या जागा) असतात, त्यांत संख्या जितकी मोठी तितकी शेजारच्या दोन संख्यांमधली फट मोठी. १,३१,०७२ च्या पुढे ती फट दीड पैशाची होते. म्हणजे दीड लाखाच्या ठेवीत एकेक पैसा वेगळा ओळखणंच शक्य नाही. पतसंस्थेत लाखाच्या वरच्या ठेवी काय कमी असतात? तेरीज काही पैशांनी हलायची आणि दर वर्षी लेखापरीक्षणाआधी तो फरक सस्पेन्स, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात ढकलला जायचा. जुन्या लोकांना त्याचं कारण मानवी चूक वाटत होतं. एका निवृत्त कारकुनावर त्याचं खापर फुटलेलं ऐकलं, तेव्हा वाईट वाटलं.

सुदैव असं की त्या मर्यादेच्या खालच्या रकमा दोन दशांशांपर्यंत गोल केल्या की मूळ पैसे तंतोतंत परत मिळतात. रोजचे भरणे, काढलेल्या रकमा, पिग्मीचे पाच-पन्नास रुपये, सगळं त्यात आलं. म्हणून आम्ही साठवलेली शिल्लक नेलीच नाही. व्यवहार नेले, मोठे व्यवहार व्हाउचरशी ताडून घेतले, आणि शिल्लक नव्याने बेरीज करून काढली. नव्या टेबलात रकमांचे सगळे रकाने ‘न्यूमरिक’, म्हणजे दशांश तंतोतंत ठेवणारे, चौदा अंक, दोन दशांश. सस्पेन्स खात्यातले साठलेले पैसे बघता बघता आपापल्या घरी गेले.

बाकीचं झटपट सांगतो. जन्मतारखेच्या रकान्यात शून्य दिवस, शून्य महिना, शून्य साल. पोस्टग्रेस ही तारीख घेत नाही, तिथे ‘नल’, म्हणजे ‘माहीत नाही’ची खूण, ठेवलं. टेबलं मायएसक्यूएलच्या मायआयसॅम प्रकारची, त्यात परकीय किल्ली, म्हणजे ‘हा क्रमांक त्या दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे’ हा नियम, लिहिता येते पण तिचा अंमल होत नाही, त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या सभासदांचे जामीनदार सापडले. जुने क्रमांक तसेच नेल्यावर नवे क्रमांक देणारा पोस्टग्रेसचा मोजणारा एकावरच उभा असतो, त्याला पुढे सरकवलं नाही तर पहिला नवा सभासद नोंदवतानाच ‘किल्ली आधीच आहे’ असं ऐकायला लागतं.

खाते क्रमांकाची गंमत मात्र थांबून सांगण्याजोगी. एका शाखेत काही खात्यांचे क्रमांक देवनागरी आकड्यांत टंकलेले होते आणि रकाना अक्षरांचा. जुना प्रोग्राम शोधताना क्रमांक अवतरणाशिवाय पाठवायचा, म्हणजे संख्या म्हणून. मग मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतलं अक्षररूप संख्येत बदलून तुलना करतं. एक तर त्यामुळे इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, निकामी, सगळं टेबल चाळावं लागतं. दुसरं म्हणजे देवनागरी आकडे त्याला संख्या वाटत नाहीत, त्यांची किंमत तो शून्य धरतो. खाते क्रमांक शून्य शोधला की त्या शाखेची ती सगळी खाती एका झटक्यात समोर! संस्थेतल्या एका मुलाला हे माहीत होतं आणि तो ती खाती शोधायला हीच युक्ती वापरायचा.

‘नल’ने नवीन व्यवस्थेतही एकदा हात दाखवला. व्यवस्थापकांना वारसाचं नामनिर्देशन न केलेल्या सभासदांची यादी हवी होती. वारसांच्या टेबलात ज्यांचा क्रमांक नाही ते सभासद दे, अशी साधी ‘नॉट इन’ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. यादी कोरी आली. साहेब खूश, “म्हणजे सगळ्यांचे वारस लागले!” लागले कसले. वारसांच्या टेबलात एका ओळीत सभासद क्रमांक नल होता. माझा क्रमांक या यादीत नाही ना, या प्रश्नाला नल असला की उत्तर ‘नाही’ असं न येता ‘माहीत नाही’ असं येतं, आणि माहीत नसलेली ओळ डेटाबेस दाखवत नाही. एका नलमुळे सगळी यादी पुसली जाते. क्वेरी ‘नॉट एक्झिस्ट्स’ने, म्हणजे जुळणारी ओळ नाही एवढंच पाहणारी, लिहिली आणि तो रकाना नल घेणार नाही असा केला. साहेबांची खुशी काही दिवस लांबली.

डेटा आला, तेरीज जुळली. खरी परीक्षा पिग्मीने घेतली. एजंट दिवसभर दुकानं फिरून वसुली करतात आणि संध्याकाळी आपापल्या मशीनमधून सगळ्या नोंदी एकदम चढवतात. त्याच वेळी काउंटरवर कुणी पैसे काढत असतो. आमच्या नव्या प्रोग्राममध्ये शिल्लक वाचायची, त्यात मिळवायचं किंवा वजा करायचं, परत लिहायची, असा ओघ होता. पुस्तकातही असाच असतो. चाचणीत दोन खिडक्या शेजारी उघडून पाहिलं. शिल्लक ५,०००. डावीकडे २०० ची पिग्मी, उजवीकडे १,००० काढले. दोघांनी आधी ५,००० वाचले, मग दोघांनी आपापलं लिहिलं. शेवटी लिहिणारा जिंकला आणि शिल्लक ४,००० झाली. हवी होती ४,२००. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. एकाच वेळी चाललेली कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती विलगीकरण पातळी. पोस्टग्रेसच्या मूळ पातळीत हे चालतं. डेटाबेसच्या व्यवहारात, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा गाठोड्यात, बांधलं की झालं असं समजणाऱ्यांसाठी हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजू व्यवहारातच होत्या.

उपाय दोन. शिल्लक प्रोग्राममध्ये न आणता डेटाबेसलाच ‘आहे त्यात इतके मिळव’ सांगायचं, किंवा वाचतानाच ती ओळ कुलूपबंद करायची. काढताना किमान शिल्लक तपासायची असते, म्हणून आम्ही कुलूप निवडलं. कुलपं आली की अडकणंही आलं. एका एजंटचा गठ्ठा खाती एका क्रमाने धरतो, व्याजाचा हिशेब उलट्या क्रमाने, आणि दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. पोस्टग्रेस एक सेकंद थांबून अशी कोंडी तपासतं आणि दोघांतल्या एकाचा व्यवहार मोडतं. मोडलेला व्यवहार पुन्हा चालवायची सोय केलीच, पण खरा इलाज साधा निघाला. कुठलाही गठ्ठा असो, कुलपं लावण्याआधी खाती क्रमांकाने लावून घ्यायची. सगळे एकाच दिशेने चालले की समोरासमोर टक्कर होत नाही.

वेगाच्या तक्रारी आल्या, त्या नेहमीच्याच घराण्यातल्या. एजंटची यादी उघडताना प्रत्येक खात्यामागे एक वेगळी क्वेरी जात होती, ती एकत्र केली. वार्षिक अहवालात तारखेतून साल काढून तुलना होती, त्यामुळे तारखेचा इंडेक्स वाया जात होता. त्याऐवजी १ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंत अशी सीमा दिली. आर्थिक वर्षासाठी ते तसंही जास्त योग्य.

शेवटी उरलं सभासद रजिस्टर. सहकारी संस्थांना ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातली रजिस्टरं ठेवावी लागतात. आम्ही ठरवलं की यादी खऱ्या मराठी वर्णक्रमाने छापायची. युनिकोडच्या स्थानांप्रमाणे ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो आणि क्ष थेट क मध्ये मिसळतो. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर-संग्रहातले भाषावार क्रम वापरता येतात, त्यात मराठीचाही आहे. ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. नावाच्या रकान्याला तो क्रम लावला, छापून दिला, आणि मी मनातल्या मनात थोडी पाठ थोपटून घेतली.

व्यवस्थापकांनी पानं उलटली, मग परत मागे उलटली. “क्षीरसागर कुठं गेले सगळे?” मी शेवटची पानं दाखवली. ते म्हणाले, “सर, पाठ्यपुस्तकात असेल तसं. पण इथे माणूस काउंटरला येतो आणि पोरगी क मध्ये शोधते.” संस्थेच्या लाकडी कपाटातल्या जुन्या कार्डांवरही क्षीरसागर क च्याच खणात होते, ते त्यांनी उघडून दाखवलं. मग काउंटरच्या स्क्रीनवर क्ष ला क मध्ये ठेवलं, छापील रजिस्टरात ज्ञ च्या आधी. एकाच रकान्यावर दोन क्रम, दोन इंडेक्स. ज्ञानदेवांचं कुठे ठेवायचं याचा निर्णय त्यांनी संचालक मंडळाच्या पुढच्या सभेवर सोडला.